'चांगला' आणि 'उत्तम' यांच्यातले साडेसोळा हजार

प्रति,
मा. संपादक,

विषय: बारावीनंतरच्या पुरवणीतला परावैद्यक अभ्यासक्रमांचा तक्ता

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बारावीनंतरच्या परावैद्यक अभ्यासक्रमांचा तक्ता आला होता. त्यातल्या फक्त दोन ओळींबद्दल हे पत्र आहे. 'डायलिसिस टेक्निशियन'च्या ओळीत पगाराच्या रकान्यात 'चांगला' असं छापलं होतं आणि 'रेडिओलॉजी व इमेजिंग टेक्निशियन'पुढे 'उत्तम'. रुपयांचा आकडा कुठेच नव्हता. योगायोग असा, की आमच्या घरात या दोन्ही ओळी आहेत. मी डायलिसिसवाली, धाकटा भाऊ एमआरआयवर. त्यामुळे 'चांगला' आणि 'उत्तम' यांच्यात नेमकं किती अंतर असतं ते मी सांगू शकते. साडेसोळा हजार रुपये. दर महिन्याला.

गेल्या महिन्याची माझी स्लिप: पीएफ, व्यवसाय कर कापून हातात २४,८००. नोकरीला बारा वर्षं झाली. भावाची स्लिप: हातात ४१,३००. त्याला सात वर्षं झाली. दोघं विटाव्याच्या एकाच खोलीत वाढलो, दोघांची बारावी सायन्स, दोघांचा डिप्लोमा. मार्क माझे जास्त होते. हे तोच सगळ्यांना सांगतो, मला सांगायची वेळ येत नाही. मी डायलिसिसला गेले कारण त्या वर्षी त्या कोर्सची फी कमी होती आणि बाबांची रबाळ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती. भावाच्या वेळेला माझा पगार सुरू झाला होता, म्हणून त्याला रेडिओलॉजीची फी भरता आली. आमच्या घरातलं करिअर मार्गदर्शन एवढंच.

भावाचा पगार माझ्या डोळ्यांत खुपतो असं कोणी समजू नये. आईची औषधं, विटाव्याच्या घराचा हप्ता तोच बघतो. पण आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी तुमचं कात्रण घेऊन वर आली आणि म्हणाली, "ताई, चांगला म्हणजे किती हो?" मला पटकन आकडा सांगता येईना. लाज वाटली म्हणा ना.

आधी काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं मशीनला जोडलं की चार तास झाले काम. आमची पाळी सातची, पण सातला पहिला पेशंट मशीनवर घ्यायचा तर मला सहाला पोचावं लागतं. आधी आरओचं पाणी तपासायचं, क्लोरीन राहिलं नाही ना ते बघायचं. एका पेशंटच्या रक्ताशेजारून, मधे एक पातळ पडदा ठेवून, मिनिटाला अर्धा लिटर पाणी जातं. चार तासांचे १२० लिटर झाले. त्यात क्लोरीन राहिलं तर माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात. मग डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारं नळकांडं, आणि नळ्या सलाईनने धुऊन भरायच्या. हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून डायलायझर उलटासुलटा करून तळव्याने थापटत राहायचं. माझ्या उजव्या तळव्याला त्याचा घट्टा पडलाय.

मग वजन. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी, तेवढं काढायचं. दिव्याहून आमच्याकडे एक काका येतात, पूर्वी रिक्षा चालवायचे. काट्यावर चढण्याआधी खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाईल सगळं माझ्या हातात देतात, चप्पल काढतात, शर्टाच्या खिशातला पासही काढतात. तरी साडेतीन किलो जास्त भरलं की म्हणतात, "सिस्टर, काटा बिघडलाय तुमचा." कलिंगडाचे दिवस असले की हा काटा हमखास बिघडतो. (मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे, हे बारा वर्षं सांगून आता मी थकले.) त्यांच्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या जागेवर, तीन बोटं ठेवायची. शिलाई मशीन चालू असताना तिच्या लाकडी फळीवर हात ठेवावा, तशी आतून थरथर लागते. ती लागली की जीव भांड्यात पडतो. मग दोन जाड सुया. काकांच्या हातात माझी सुई सोडून दुसऱ्या कोणाची चालत नाही, आणि म्हणून माझी रजा त्यांना विचारून ठरते.

सुया घालून झालं की संपलं असंही नाही. तिसऱ्या तासाला पेशंटने जांभई दिली की मी खुर्चीतून अर्धी उठलेली असते. तुम्हाला ती जांभई वाटेल. आम्हाला कळतं की बीपी उतरतंय. पाय वर, पाणी काढणं बंद, सलाईन चालू. दीड मिनिटात हे झालं नाही तर माणूस डोळे फिरवतो. असे चार पेशंट एका वेळी माझ्याकडे. एखादी टेक्निशियन आली नाही तर पाच, सहा.

भावाचं काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही. एमआरआयचं चुंबक स्विचने बंद होत नाही, ते चोवीस तास चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत अशा खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला, तो ओढला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून भाऊ दारात उभा राहून प्रत्येकाचे खिसे तपासतो; आईलासुद्धा त्याने केसांतली पिन काढायला लावली होती. रात्रपाळीला सेंटरमध्ये तो एकटा. बंदिस्त नळीत घाबरणारे, रडणारी मुलं, दारू पिऊन आलेला अपघाताचा पेशंट, सगळं त्यानेच सांभाळायचं. शिवाय दिवसाला इतके स्कॅन झालेच पाहिजेत हे मालकाचं टुमणं.

मग फरक धोक्याचा आहे का? लोकांचा समज असा, की 'रेडिएशनमध्ये काम करतात म्हणून जास्त पगार'. भावाची गोष्ट ऐका. पहिली चार वर्षं तो एक्स-रे आणि सीटीवर होता. तेव्हा छातीवर टीएलडी बॅज लावायचा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि किती किरणोत्सर्ग अंगावर आला त्याचा आकडा परत यायचा. अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादाही घालून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नंतर तो एमआरआयवर गेला. तिथे एक्स-किरणच नाहीत, त्यामुळे बॅज गेला. आणि पगार नऊ हजारांनी वाढला. म्हणजे तो धोका गेला आणि पगार वर गेला!

माझ्या धोक्याला बॅजच नाही. २०१९ मध्ये सुई काढताना मला टोचली. पेशंटला हेपॅटायटिस सी होता. बी ची लस असते, तीन डोस आम्ही घेतलेले असतात. सी ची लस नाही. सहा महिने रक्त तपासत बसले. पहिल्या तपासणीचे पैसे सेंटरने दिले, पुढच्यांना "बघू" म्हणाले. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याला घास भरवताना मी हात किती वेळा धुवायचे ते नवऱ्याने मोजलं होतं. रिपोर्ट चांगले आले, विषय संपला. पगाराच्या स्लिपवर त्या सहा महिन्यांची कुठे नोंद नाही.

मागच्या रविवारी विटाव्याला आईकडे जेवायला जमलो होतो. मी तुमच्या तक्त्याचा विषय काढला तसा भावाने मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला. माझे दिवसाला आठ पेशंट, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २०८ डायलिसिस. २४,८०० ला भागलं: एका डायलिसिसमागे माझ्या पदरात ११९ रुपये. त्याचे दिवसाला पंधरा स्कॅन, महिन्याला ३९०. भागाकार आला १०६. "बघ ताई, मला तुझ्यापेक्षा तेरा रुपये कमी मिळतात," असं म्हणून त्याने बोंबलाचा शेवटचा तुकडा उचलला. आई म्हणाली, मग तू तिला पार्टी दे.

गंमत बाजूला ठेवली तर सगळी गोम त्या भागाकारात आहे. त्याच्या एका स्कॅनचे पेशंटकडून पाच-सहा हजार घेतले जातात. त्यातले १०६ त्याचे. आमच्याकडे सरकारी योजनेबाहेरचा पेशंट असेल तर एका डायलिसिसचे दीड हजाराच्या आसपास. त्यातले ११९ माझे. भावाच्या मालकाकडे पगार दिल्यावरही पुष्कळ उरतं, म्हणून चांगला माणूस सोडून जाऊ नये यासाठी तो हजार-दोन हजार वाढवतो. शिवाय ठाण्यापासून पनवेलपर्यंत इतकी स्कॅन सेंटरं आहेत, की एकाने इन्क्रिमेंट नाकारलं तर भाऊ दुसरीकडे विचारून येतो. आमच्याकडे दीड हजारात डायलायझर, नळ्या, औषधं, वीज, आरओचा खर्च भागवायचा असतो. हे सगळे दर बाजारात ठरलेले. घासाघीस जिथे करता येते अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे टेक्निशियन. आणि डायलिसिसची बरीच केंद्रं त्याच त्या दोन-चार कंपन्या चालवतात, त्यामुळे नोकरी बदलली तरी बऱ्याचदा फक्त गणवेशाचा रंग बदलतो.

इथे सरकारचा संबंध येतो. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदार घ्यायचा, दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला डायलिसिस मोफत द्यायचं. फार मोठं काम झालं. पूर्वी दागिने विकून महिन्याला चार वेळा येणारे लोक आता आठवड्यातून तीनदा येतात आणि जगतात, हे मी डोळ्यांनी बघतेय. आपल्या राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस होतं. याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण वाटणी कशी आहे बघा: जागा, वीज, पाणी सरकारचं, मशीन, आरओ प्लान्ट, डायलायझर आणि माणसं भागीदाराची. ठेका देताना एका डायलिसिसला कोण किती कमी दर लावतो ते पाहिलं जातं. मशीन स्वस्त मिळत नाही, डायलायझर स्वस्त मिळत नाही. मग कमी दर लावणारा तो दर कुठून आणतो? आमच्या पगारातून. पेशंटला मोफत मिळणाऱ्या उपचाराचा थोडा भाग आम्ही भरतो, असं कोणी आम्हाला सांगितलं नाही, पण हिशेब तोच निघतो.

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये रेल्वे भरती मंडळाने परावैद्यक पदांची मोठी जाहिरात काढली, एकूण १,३७६ जागा. त्यातल्या ७१३ नर्सिंगच्या होत्या. डायलिसिसच्या अगदी मोजक्या. पण पगार बघा. डायलिसिस टेक्निशियनला सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. रेडिओग्राफर म्हणजे एक्स-रे टेक्निशियनला २९,२००. उलटं! प्रयोगशाळा अधीक्षक ३५,४००, ईसीजी टेक्निशियन २५,५००, प्रयोगशाळा सहायक २१,७००. वर महागाई भत्ता, आणि आपल्या भागात ३० टक्के घरभाडं. ही जाहिरात मी भावाला पाठवली तर त्याने फक्त एक रडका इमोजी टाकला.

रेल्वेने हे कशावरून ठरवलं? शिक्षणावरून. डायलिसिसला विज्ञानाची पदवी आणि वर हिमोडायलिसिसचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचा अनुभव मागितला. रेडिओग्राफरला बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा. पदवी नाही म्हणून मी स्वतः त्या जाहिरातीत बसत नव्हते, हेही सांगून टाकते. ते माप पटो न पटो, एक माप तरी आहे आणि ते छापलेलं आहे. ज्याला वाटतं तो ते वाचून भांडू शकतो. आता न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग बसला आहे, तेव्हा हे आकडेही बदलतील. ऐरोली–कोपरखैरण्याच्या खासगी सेंटरांत त्याची झुळूकही येणार नाही.

२०२१ मध्ये संसदेने आमच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याआधी देशपातळीवर आम्ही कोणाचेच नव्हतो. नर्सना त्यांची परिषद, फार्मासिस्टना त्यांची. उरलेले सगळे 'टेक्निशियन लोक'. कायद्याने आमचे दहा गट केले, शिक्षणाचे किमान तास ठरवले, नोंदणी सांगितली. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने दहा शाखांचे अभ्यासक्रमही जाहीर केले. त्यात डायलिसिसही आहे आणि इमेजिंगही. मी तो कायदा मोबाईलवर उघडून 'वेतन' कुठे येतं ते शोधत बसले. येतं की! आयोगाच्या अध्यक्षांचं, सदस्यांचं आणि कर्मचाऱ्यांचं वेतन कसं ठरेल ते त्यात आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. खासगी मालकाने किती पगार द्यावा हे सरकारने ठरवावं की नाही, या वादात मी पडत नाही. पण जिथे डायलिसिसचे पैसे सरकार भरतं, तिथे ठेक्याच्या कागदातच टेक्निशियनचा किमान पगार लिहावा. डिप्लोम्याला इतका, पदवीला इतका, दहा वर्षांच्या अनुभवाला इतका. तो आकडा सगळ्या भागीदारांना सारखाच द्यावा लागणार असेल, तर कमी दर लावायला त्यांना दुसरी जागा शोधावी लागेल. त्याच कागदात सुई टोचल्यास सहा महिन्यांच्या तपासण्यांचा खर्च कोणी करायचा तेही लिहावं. आणि एका टेक्निशियनकडे एका वेळी जास्तीत जास्त किती पेशंट, हाही आकडा हवा. आज तो आकडा सकाळी कोण रजेवर आहे त्यावर ठरतो.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. पुढच्या वर्षी हा तक्ता छापाल तेव्हा पगाराच्या रकान्यात विशेषणं घालू नका. ठाण्यात-नवी मुंबईत पाच वर्षं नोकरी झालेल्या चार-चार जणांना फोन करा, हातात किती पडतात ते विचारा आणि ते आकडे छापा. नावं नका छापू, नाहीतर कोणी बोलणार नाही. रुपयांत लिहिलेलं मुलांना कळतं. त्यांच्या वडिलांना तर फारच लवकर कळतं. वाटल्यास शेजारी आणखी एक रकाना करा: 'दहा वर्षांनी किती'. आमच्या शाखेचा तो रकाना वाचायला अवघड जाईल, पण छापा.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीला मी एका रविवारी युनिटमध्ये घेऊन गेले. तोंडाला मास्क लावून ती काकांच्या बेडशेजारी तासभर उभी होती. रक्त बघून चक्कर येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. काकांनी तिला स्वतःच्या फिस्टुलावर हात ठेवायला दिला. तिने पटकन हात मागे घेतला आणि मग पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशी भावाने तिला काचेच्या अलीकडून एमआरआय दाखवला. ती अजून ठरवतेय. तिच्या बाबांना मी कागदावर चार ओळी लिहून दिल्या: माझा आकडा, भावाचा आकडा आणि रेल्वेचे दोन. पाचवी ओळ रिकामी ठेवली आणि म्हटलं, कॉलेजात जाताय तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना किती मिळतात ते विचारून इथे लिहा.

ते परवा जाऊन आले. कागद दाखवला. पाचव्या ओळीत त्यांनी काउंटरवर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून आणलंय: 'उत्तम. प्लेसमेंट १०० टक्के.'

आपली विश्वासू,
एक डायलिसिस टेक्निशियन,
ऐरोली, नवी मुंबई

ता. क. – नाव छापू नये ही विनंती. इन्क्रिमेंटचं पत्र याच महिन्यात यायचं आहे.